सिम्युलेशनमध्ये डिले आणि एज मोजायची कशी: नवख्यांसाठी पहिल्या पायरीपासून

‘इन्व्हर्टरचा डिले ०.८ नॅनोसेकंद आला.’ फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हे वाक्य हमखास असतं, आणि बहुतेक वेळा त्याला काही अर्थ नसतो. इन्व्हर्टर म्हणजे शून्याचा एक आणि एकाचा शून्य करणारा गेट, आणि डिले म्हणजे त्याचा इनपुट बदलल्यापासून आउटपुट बदलेपर्यंतचा वेळ. तो कुठून कुठपर्यंत मोजला? इनपुटची एज, म्हणजे व्होल्टेज चढायचा-उतरायचा भाग, किती तीव्र होती? आउटपुटवर लोड काय होता? तापमान किती धरलं? ही उत्तरं सोबत नसतील तर ०.८ काय आणि ८ काय, दोन्ही सारखेच. आपल्या नागपूरच्या झिरो माइलच्या दगडावर गावांची अंतरं कोरलेली आहेत. ती त्या दगडापासून मोजलेली आहेत हे ठरलेलं आहे, म्हणून त्या आकड्यांना किंमत आहे. डिलेचंही तसंच आहे.

हा लेख नागपूर आणि आसपासच्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींसाठी आहे. ज्यांनी स्पाइस (सर्किट संगणकावर चालवून बघायचा प्रोग्राम) उघडलंय, वेव्हफॉर्मही (वेळेनुसार व्होल्टेजचा आलेख) पाहिलाय, पण कर्सर माउसने सरकवून आकडा वाचण्यापुढे जे गेले नाहीत त्यांच्यासाठी. आधी एक सूचना. इथल्या आज्ञा देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. तुमच्या फाइलमध्ये त्या रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप करायच्या. ‘मेझ’ म्हणजे एम-ई-ए-एस, ‘ट्रिग’ म्हणजे टी-आर-आय-जी, ‘टार्ग’ म्हणजे टी-ए-आर-जी. बाकीचं वाचता वाचता कळेल.

साधन कोणतं घ्यायचं

यावर फार वेळ घालवू नका. एनजीस्पाइस फुकट आणि मुक्त आहे, एलटीस्पाइस अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडून फुकट मिळतं. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम हेही आतून एनजीस्पाइसच चालवतं. या सगळ्यांचा मूळपुरुष एकच: १९७३ मध्ये बर्कले विद्यापीठात लॉरेन्स नेगल यांनी पुढे आणलेला स्पाइस प्रोग्राम. म्हणून मोजणीच्या आज्ञा बऱ्याच अंशी सारख्याच आहेत. खालच्या आज्ञा एनजीस्पाइस आणि एलटीस्पाइस दोन्हींत चालतात. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

स्पाइसच्या जुन्या सवयीही सोबत येतात, त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. फाइलची पहिली ओळ म्हणजे शीर्षक. तिथे रेझिस्टर लिहिलात तर तो सर्किटमध्ये येतच नाही, आणि प्रोग्राम त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. लहान-मोठ्या अक्षरांत स्पाइस फरक करत नाही, त्यामुळे ‘एम’ म्हणजे नेहमी मिली. मेगा हवं असेल तर ‘मेग’ लिहायचं. आणि ‘१एफ’ म्हणजे एक फॅरड नाही, एक फेम्टो. कपॅसिटरपुढे कौतुकाने एफ लावणाऱ्यांचा डिले कसा गायब होतो, ते यावरून कळेल.

पहिली पायरी: उत्तर माहीत असलेल्या सर्किटवर मोजा

थेट गेटवर उडी मारू नका. आधी असं सर्किट घ्या ज्याचं उत्तर कागदावर निघतं. तुमची मोजण्याची पद्धत बरोबर आहे की नाही, हे तिथेच कळतं. एक रेझिस्टर, एक कपॅसिटर पुरे.

आरसी तपासणी
व्हीइन इन ० पल्स(० १ १एन १पी १पी २०एन ४०एन)
आर१ इन आउट १के
सी१ आउट ० १पी
.ट्रॅन १०पी ३०एन ० १०पी
.मेझ ट्रॅन टीपीएलएच ट्रिग व्ही(इन) व्हॅल=०.५ राइज=१ टार्ग व्ही(आउट) व्हॅल=०.५ राइज=१
.मेझ ट्रॅन ट्राइज ट्रिग व्ही(आउट) व्हॅल=०.१ राइज=१ टार्ग व्ही(आउट) व्हॅल=०.९ राइज=१
.एंड

मेझची ओळ मराठीत वाचली तर सोपी आहे. ‘ट्रिग’ म्हणजे स्टॉपवॉच इथे सुरू कर: इन नोड (सर्किटमधला जोडबिंदू) ०.५ व्होल्टवरून पहिल्यांदा वर जाईल तेव्हा. ‘टार्ग’ म्हणजे इथे थांबव: आउट नोड ०.५ व्होल्टवरून पहिल्यांदा वर जाईल तेव्हा. ‘राइज=१’ मधला १ म्हणजे कितवी वेळ. खाली येणाऱ्या एजसाठी ‘फॉल’, दोन्हीपैकी कोणतीही चालणार असेल तर ‘क्रॉस’. एलटीस्पाइसमध्ये उत्तर एरर लॉगमध्ये पडतं (कंट्रोल-एल दाबा). ‘एरर’ हे नाव वाचून घाबरायचं कारण नाही, आकडे तिथेच छापले जातात.

आता कागद घ्या. १ किलोओहम गुणिले १ पिकोफॅरड म्हणजे १ नॅनोसेकंद, यालाच आरसी म्हणतात. ५० टक्क्यांपर्यंतचा डिले ०.६९३ पट, म्हणजे ०.६९३ नॅनोसेकंद. १० ते ९० टक्के चढायला २.१९७ पट, म्हणजे सुमारे २.२ नॅनोसेकंद. २० ते ८० धरलं तर १.३८६. तुमचे आकडे तिसऱ्या अंकापर्यंत जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका, फाइलमध्ये काहीतरी चुकलंय.

जुळले? मग आता खरी गंमत. त्याच फाइलमध्ये पल्सची राइज टाइम १पी ऐवजी १०एन करा. रेझिस्टर तोच, कपॅसिटर तोच. डिले मात्र ०.६९३ वरून ०.९९८ नॅनोसेकंदांवर जातो आणि १०-९० राइज टाइम २.२ वरून ८.१६ वर. कारण सरळ आहे: इनपुट जेव्हा आरसीपेक्षा बऱ्याच सावकाश चढतो, तेव्हा आउटपुट त्याच्या मागे बरोबर एक आरसी एवढा रेंगाळत चालतो. म्हणजे डिले हा सर्किटचा एकट्याचा गुण नाही, इनपुटच्या एजचाही त्यात वाटा आहे. हा प्रयोग हाताने करून बघा, राजेहो. नुसतं वाचून ते डोक्यात शिरत नाही.

दुसरी पायरी: टाइम स्टेपचा बंदोबस्त

वरच्या ‘.ट्रॅन’ ओळीत चार आकडे आहेत आणि नवख्यांची सर्वाधिक फसगत पहिल्या आणि चौथ्यात होते. एनजीस्पाइसमध्ये पहिला आकडा म्हणजे उत्तर किती अंतराने छापायचं ते. आतल्या गणिताचं पाऊल ते नव्हे. दुसरा म्हणजे शेवटची वेळ, तिसरा म्हणजे कधीपासून नोंद ठेवायची, आणि चौथा म्हणजे पाऊल जास्तीत जास्त किती मोठं टाकायचं. चौथा दिला नाही, तर एनजीस्पाइस पहिला आकडा आणि एकूण वेळेचा पन्नासावा भाग यांतला जो लहान असेल तो धरतं. समजा तुम्ही दोन्ही सढळ ठेवले: छपाई ५ नॅनोसेकंदांनी, एकूण वेळ १०० नॅनोसेकंद. मग पाऊल २ नॅनोसेकंदांपर्यंत जाऊ शकतं. आपली अख्खी एज २.२ नॅनोसेकंदांची आहे!

स्पाइस एज आली की पाऊल आपणहून आखडतं घेतं, हे खरं. पण किती आखडतं घ्यायचं, हे ते व्होल्टेजच्या चुकीवरून ठरवतं, तुम्हाला वेळ किती बारीक हवी आहे यावरून नाही. आणि ५० टक्क्यांची वेळ काढताना मोजणी शेजारच्या दोन बिंदूंमधून सरळ रेघ ओढते. बिंदू लांब असतील तर रेघ वक्राला सोडून जाते, आणि तुमचा आकडा तिच्यामागे.

म्हणून मी एकच नियम पाळायला सांगतो. सर्वांत वेगवान एजमध्ये किमान वीस-तीस बिंदू पडतील एवढं मोठ्यात मोठं पाऊल ठेवा. मग ते निम्मं करा आणि पुन्हा चालवा. आकडा एक टक्क्याहून जास्त हलला तर पाऊल अजून लहान करा. जिद्दीने पहिल्यापासूनच फेम्टोसेकंदांचं पाऊल लावू नका. फाइल फुगते, लॅबचा जुना पीसी धापा टाकतो आणि आकडा तोच येतो.

एलटीस्पाइसवाल्यांसाठी एक जादा गोष्ट. ते वेव्हफॉर्म साठवताना दाबून लहान करतं आणि मोजणी त्या दाबलेल्या बिंदूंवर होते. पिकोसेकंदांचा हिशेब करायचा असेल तर ‘.ऑप्शन्स प्लॉटविनसाइझ=०’ ही ओळ घाला. मग दाबणं बंद.

तिसरी पायरी: इनपुट पल्स नीट लिहा

पल्सचे सात आकडे असे: खालचं व्होल्टेज, वरचं व्होल्टेज, सुरुवातीची वाट, चढायची वेळ, उतरायची वेळ, वरच्या सपाट भागाची रुंदी, एकूण कालावधी. सहाव्यात चढ-उतार धरलेले नसतात. १० नॅनोसेकंदांचा क्लॉक, ५० टक्के ड्यूटी (निम्मा वेळ वर, निम्मा खाली) आणि ५० पिकोसेकंदांच्या एज हव्या असतील तर रुंदी ५ नाही, ४.९५ नॅनोसेकंद. ५ लिहिलंत तर वरचा भाग खालच्यापेक्षा लांब होतो आणि ड्यूटी सायकल मोजताना तुम्ही गेटला दोष देत बसता.

चढायची वेळ शून्य लिहू नका. शून्य वेळात उडी मारणारा सिग्नल स्पाइसला हाताळता येत नाही, त्यामुळे ते स्वतःच्या मनाने काहीतरी वेळ धरतं. एनजीस्पाइसमध्ये ती ‘.ट्रॅन’ ओळीतला पहिला आकडा असते. म्हणजे छपाईचं अंतर बदललं की तुमची इनपुट एज बदलते, आणि एज बदलली की डिले. कारण शोधत बसा मग.

आणि हे लक्षात असू द्या की पल्समध्ये लिहिलेली वेळ ० ते १०० टक्क्यांची असते. रेघ सरळ असल्यामुळे १०-९० म्हणजे तिच्या ०.८ पट आणि २०-८० म्हणजे ०.६ पट. डेटाशीटमध्ये ‘इनपुट एज ६ नॅनोसेकंद, १०-९०’ असेल तर पल्समध्ये ७.५ लिहायचं.

चौथी पायरी: थ्रेशोल्ड ठरवा, आणि लिहून ठेवा

थ्रेशोल्ड म्हणजे ज्या व्होल्टेजला मोजणी सुरू करायची किंवा थांबवायची ते. प्रोपगेशन डिले म्हणजे इनपुटच्या ५० टक्क्यांपासून आउटपुटच्या ५० टक्क्यांपर्यंत. ही सीमॉसची, म्हणजे एनमॉस आणि पीमॉस ट्रान्झिस्टरच्या जोडीवर बनलेल्या गेटची, सर्वमान्य रीत. राइज आणि फॉल टाइमला मात्र एकच रीत नाही. डेटाशीटमध्ये सहसा १०-९० असतं. चिप डिझाइनच्या लायब्ररींमध्ये बऱ्याचदा २०-८० किंवा ३०-७०, कारण एजचं शेपूट लांबलचक असतं आणि पुढच्या गेटला मधल्या भागाशीच देणंघेणं असतं. आरसीच्या एजसाठी १०-९० चा आकडा २०-८० च्या १.५८ पट येतो. दोन रिपोर्टमधले आकडे शेजारी ठेवून ‘माझं सर्किट वेगवान’ म्हणण्याआधी दोघांनी कोणती रीत धरली होती, ते बघा. लायब्ररीच्या लिबर्टी फाइलमध्ये (गेटचे डिले वगैरे आकडे असलेली फाइल) वरच्या बाजूलाच स्ल्यूचे, म्हणजे एजच्या वेळेचे, खालचे-वरचे थ्रेशोल्ड लिहिलेले असतात. ते उघडून वाचायची सवय लावा.

७४०४ (सहा इन्व्हर्टरची चिप) घेतानाही हेच. काउंटरवर नुसतं ‘७४०४ द्या’ म्हटलं तर एलएस, एचसी, एचसीटी या जातींतलं जे असेल ते हातात पडेल. एचसीचा थ्रेशोल्ड पुरवठ्याच्या निम्म्यावर मोजतात, एचसीटीचा १.३ व्होल्टवर, कारण ती जुन्या टीटीएलशी जुळवून घेणारी जात आहे. ५ व्होल्टवर चालणाऱ्या एचसीटीचा डिले २.५ व्होल्टवर मोजला तर डेटाशीटशी जुळणारच नाही.

एज रेट म्हणजे व्होल्ट भागिले वेळ. हा आकडा काढताना मुलं पूर्ण १.८ व्होल्टला २०-८० च्या वेळेने भागतात. चूक. २०-८० मध्ये सिग्नल १.०८ व्होल्टच चढतो, तोच भागायचा.

पाचवी पायरी: आता इन्व्हर्टर

एलटीस्पाइसमधून नुसता ‘एनमॉस’ उचलून लावू नका. डिफॉल्ट मॉडेलमध्ये कोणत्याही खऱ्या प्रोसेसचं काही नसतं, त्यावर आलेला डिले कुणाचाच नसतो. स्कायवॉटरचं १३० नॅनोमीटरचं पीडीके (चिप कारखान्याने दिलेला मॉडेल आणि नियमांचा संच) गूगलच्या साथीने २०२० पासून खुलं आहे, एनजीस्पाइसवर चालतं आणि त्याचे मुख्य ट्रान्झिस्टर १.८ व्होल्टचे आहेत. शिकायला ते उत्तम. त्यात टीटी, एसएस, एफएफ असे कॉर्नर मिळतात, म्हणजे ट्रान्झिस्टर सरासरी, संथ किंवा चपळ निघाले तर काय होईल, हेही बघता येतं.

१.८ व्होल्टसाठी मोजणीच्या ओळी अशा:

.मेझ ट्रॅन टीपीएचएल ट्रिग व्ही(इन) व्हॅल=०.९ राइज=१ टार्ग व्ही(आउट) व्हॅल=०.९ फॉल=१
.मेझ ट्रॅन टीपीएलएच ट्रिग व्ही(इन) व्हॅल=०.९ फॉल=१ टार्ग व्ही(आउट) व्हॅल=०.९ राइज=१
.मेझ ट्रॅन टीफॉल ट्रिग व्ही(आउट) व्हॅल=१.६२ फॉल=१ टार्ग व्ही(आउट) व्हॅल=०.१८ फॉल=१

टीपीएचएल म्हणजे आउटपुट वरून खाली येतानाचा डिले. नावातला क्रम आउटपुटचा असतो, इनपुटचा नाही. इथे निम्मा वर्ग उलटा लिहितो. दोन्ही डिले स्वतंत्र नोंदवा. सरासरी लागली तर खाली काढा, पण फक्त सरासरी दिली तर पीमॉस (आउटपुटला वर ओढणारा ट्रान्झिस्टर) अशक्त आहे हे झाकलं जातं.

आदर्श पल्स थेट गेटला देऊन मोजणं हा दुसरा घोळ. खऱ्या चिपमध्ये गेटला सिग्नल देणारा दुसरा गेट असतो, त्याची एज वाकडी असते. म्हणून पल्स आणि तुमचा इन्व्हर्टर यांच्यामध्ये दोन इन्व्हर्टर घाला. त्यांना काही मोजायचं नाही, पल्सला माणसात आणणं एवढंच त्यांचं काम. पुढे लोड म्हणून चौपट रुंदीचा इन्व्हर्टर लावा. यालाच फॅनआउट ४ म्हणतात, आणि वेगवेगळ्या प्रोसेसची तुलना करायला ही पद्धत जगभर वापरतात. मधल्या सगळ्यांचा आकार याच चढत्या पटीत ठेवा. शेवटच्या इन्व्हर्टरलाही मोकळं सोडू नका, त्याच्यापुढे आणखी एक जोडा. कारण त्याचा आउटपुट भसकन हलला तर गेट आणि ड्रेनमधल्या कपॅसिटन्समधून तो धक्का मागे तुमच्या नोडवर येतो आणि लोड आहे त्यापेक्षा वेगळा भासतो.

आकडा आलाच नाही, किंवा उलटा आला तर

एनजीस्पाइस ‘आउट ऑफ इंटर्व्हल’ म्हणतं, एलटीस्पाइस ‘फेल’. दोन्हींचा अर्थ एकच: मी वाट पाहिली, पण सिग्नल त्या व्होल्टेजवरून तुम्ही सांगितलेल्या दिशेने तितक्या वेळा गेलाच नाही. नोडचं नाव तपासा, ‘राइज’ आणि ‘फॉल’ची अदलाबदल झाली का बघा, सिम्युलेशन एज यायच्या आधीच संपलं का बघा. आणि व्हॅलमध्ये ०.९ ऐवजी ९० लिहिलं नाही ना? थ्रेशोल्ड व्होल्टमध्ये द्यायचा असतो, टक्क्यांत नाही.

डिले उणे आला तर मात्र लगेच चूक समजू नका. इनपुट फारच सावकाश चढत असेल आणि गेट ५० टक्क्यांच्या खालीच पलटत असेल, तर इनपुट निम्म्यावर पोहोचण्याआधीच आउटपुट निम्म्याच्या खाली गेलेला असतो. ५०-५० ची व्याख्या धरली तर डिले उणेच येणार. वेव्हफॉर्म उघडून खात्री करा आणि आकडा तसाच लिहा.

सगळ्यांत फसवा प्रकार ग्लिचचा. समजा आउटपुटवर शेजारच्या वायरमुळे एक छोटा उंचवटा येतो, ०.४ व्होल्टपर्यंत. त्यानंतर खरी एज येते. तुम्ही राइज टाइम मोजताना ट्रिगला ०.१८ व्होल्ट, राइज=१ आणि टार्गला १.६२ व्होल्ट, राइज=१ दिलंय. ट्रिग उंचवट्यावर सुटतं, कारण उंचवटा ०.१८ ओलांडतो. टार्ग मात्र खऱ्या एजवर थांबतं, कारण १.६२ वर पहिल्यांदा तीच पोहोचते. मग राइज टाइम येतो ३ नॅनोसेकंद आणि तुम्ही पीमॉस रुंद करत बसता. दोन थ्रेशोल्डची मोजदाद स्वतंत्र चालते, एकाचा १ आणि दुसऱ्याचा १ एकाच एजवरचे असतील याची हमी नसते. उपाय: ट्रिग आणि टार्ग दोन्हींना ‘टीडी=’ देऊन खऱ्या एजच्या जरा आधीपासून मोजायला लावा. एज वळवळत, मागे-पुढे होत चढत असेल तर शेवटच्या ओलांडणीसाठी ‘राइज=लास्ट’ आहे. पहिली आणि शेवटची, दोन्ही मोजा. त्यांच्यातलं अंतर म्हणजेच तुमच्या एजची अब्रू.

क्लॉकचा कालावधी किंवा रिंग ऑसिलेटर (विषम संख्येचे इन्व्हर्टर गोलात जोडलेलं, आपोआप हलत राहणारं सर्किट) मोजताना एका चक्रावर विसंबू नका. राइज=५ पासून राइज=१५ पर्यंत मोजा आणि दहाने भागा. पहिली काही चक्रं सुरुवातीच्या धक्क्यात जातात. एन इन्व्हर्टरच्या रिंगमध्ये कालावधी दोन गुणिले एन गुणिले एका इन्व्हर्टरचा सरासरी डिले एवढा असतो. तुमच्या थेट मोजणीची ही छान उलटतपासणी आहे.

नागपूरचा मे महिना आणि २७ अंश

स्पाइसला काही सांगितलं नाही तर ते २७ अंश सेल्सिअस धरतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ असतात, आणि गच्चीवर किंवा भिंतीवर लावलेल्या बंद पत्र्याच्या डब्यात त्याहून बरेच जास्त. सौर पंपाचा कंट्रोलर, मीटर, शेतातला सेन्सर, यांतलं काही बनवत असाल तर २७ अंशांचा डिले तुमच्या कामाचा नाही.

७४एचसी०४ चंच बघा. ४.५ व्होल्ट, ५० पिकोफॅरड लोड. आउटपुटच्या एजची वेळ २५ अंशांना जास्तीत जास्त १५ नॅनोसेकंद. ८५ अंशांपर्यंतची हमी हवी तर १९, आणि १२५ पर्यंत २२. तापलं की ट्रान्झिस्टरमधल्या इलेक्ट्रॉनांची धाव मंदावते, करंट घटतो, कपॅसिटर भरायला वेळ लागतो. फाइलमध्ये ‘.टेम्प ८५’ ही एक ओळ घातली की काम होतं. एसएस कॉर्नर, सर्वांत कमी पुरवठा आणि सर्वांत जास्त तापमान, हे एकत्र चालवून बघा.

एक अपवाद मात्र ठाऊक असू द्या. पुरवठा फार कमी असेल, ट्रान्झिस्टरच्या थ्रेशोल्डच्या (ज्या व्होल्टेजला तो चालू व्हायला लागतो) आसपास, तर उलटं होतं. तापल्यावर थ्रेशोल्ड उतरतो आणि तो फायदा धाव मंदावण्याच्या तोट्यावर मात करतो. तिथे थंडीच वाईट. आधुनिक कमी व्होल्टेजच्या चिपसाठी म्हणूनच दोन्ही टोकं तपासतात.

फ्लिपफ्लॉपचा सेटअप टाइम

फ्लिपफ्लॉप म्हणजे क्लॉकच्या एजला डेटा पकडून ठेवणारं सर्किट, आणि डेटा नीट पकडला जावा म्हणून तो क्लॉकच्या किती आधी यायला हवा, तो सेटअप टाइम. हा एका मेझच्या ओळीत मिळत नाही, शोधावा लागतो. डेटाची एज क्लॉकच्या बरीच आधी ठेवा आणि क्लॉकपासून क्यू आउटपुटपर्यंतचा डिले मोजा. मग डेटा क्लॉकच्या जवळ जवळ आणत जा. सुरुवातीला डिले हलत नाही. एका ठिकाणापासून तो वाढायला लागतो आणि शेवटी फ्लिपफ्लॉप डेटा पकडतच नाही. बरेच जण पहिल्या डिलेपेक्षा १० टक्के वाढ झाली की तिथलं डेटा-क्लॉक अंतर सेटअप टाइम मानतात. काही ५ टक्के धरतात. कोणतं धरलं ते लिहा. डेटा चढताना आणि उतरताना हा आकडा वेगळा येतो, त्यातला मोठा घ्यायचा. एलटीस्पाइसमध्ये हे सरकवणं ‘.स्टेप’ने होतं. एनजीस्पाइसमध्ये ती सोय नाही, तिथे कंट्रोल ब्लॉकमध्ये लूप लिहावा लागतो.

व्हेरिलॉगच्या (डिजिटल सर्किट लिहायची भाषा) सिम्युलेटरमध्ये हे सगळं शोधायला जाऊ नका. तिथे एजला उतारच नसतो, सिग्नल क्षणात शून्याचा एक होतो. डिले जो दिसतो तो तुम्ही किंवा एसडीएफ फाइलने (डिलेच्या आकड्यांची फाइल) दिलेला असतो. तिथली एकच खबरदारी: टाइमस्केलची अचूकता १ नॅनोसेकंद ठेवली तर ०.४ नॅनोसेकंदांचा डिले मुकाट्याने शून्य होतो. पिकोसेकंद ठेवा.

बोर्डवर एज का महत्त्वाची, क्लॉक नव्हे

‘माझा क्लॉक तर फक्त १ मेगाहर्ट्झ आहे’ हे ऐकायला ठीक आहे. पण वायरला क्लॉकचा आकडा दिसत नाही, तिला एज दिसते. ०.३५ भागिले राइज टाइम एवढ्या वारंवारतेपर्यंत त्या एजमध्ये दम असतो: १ नॅनोसेकंदाच्या एजसाठी ३५० मेगाहर्ट्झ. साध्या एफआर४ बोर्डवर सिग्नल नॅनोसेकंदाला सुमारे १५ सेंटिमीटर जातो. ट्रॅकवर लागणारा वेळ एजच्या सहाव्या भागाहून जास्त झाला की परावर्तनाचा विचार करायला लागतो, हा सर्वसाधारण अंदाज. एचसी गेटची एज नेहमी ७ नॅनोसेकंदांच्या आसपास असते (वरचे १५ ही कमाल मर्यादा), त्याला त्यामुळे १७ सेंटिमीटरपर्यंत माफी आहे, म्हणून ब्रेडबोर्डवरचे लोंबते जंपर खपून जातात. त्याच जंपरवर १ नॅनोसेकंदाची एज असलेला एफपीजीए जोडला की अडीच सेंटिमीटरनंतर कुरकुर सुरू. स्पाइसमध्ये हे बघायला ‘टी’ने सुरू होणारी ट्रान्समिशन लाइन घ्या, झेडशून्य (लाइनचा स्वतःचा इम्पीडन्स) ५० ओहम आणि टीडीमध्ये तुमच्या ट्रॅकची वेळ, आणि एज कशी पायऱ्या-पायऱ्यांनी चढते ते बघा.

लॅबमधल्या स्कोपशी जुळवताना

सिम्युलेशनमध्ये एजचे ७ नॅनोसेकंद आले, स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) साडेनऊच्या आसपास दिसतात, म्हणून सिम्युलेशन चुकलं असं लगेच ठरवू नका. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपचा स्वतःचा राइज टाइम ०.३५ भागिले १०० मेगाहर्ट्झ, म्हणजे साडेतीन नॅनोसेकंद. दोन्ही वेळा वर्ग करून मिळवायच्या आणि वर्गमूळ काढायचं. ७ च्या एजला एवढ्यानेच ७.८ मिळतात.

बाकीचं प्रोबमुळे. १०एक्स प्रोब आउटपुटवर साधारण १२ पिकोफॅरड लादतो. एचसी गेटची ७ नॅनोसेकंदांची एज ५० पिकोफॅरडवर आहे, म्हणजे २.२ आरसीच्या हिशेबाने आउटपुटचा रेझिस्टन्स सुमारे ६४ ओहम. लोड ५० चा ६२ झाला की एज ८.७ वर जाते, आणि स्कोपचे साडेतीन त्यात मिसळले की पडद्यावर सुमारे ९.४ दिसतात. तेव्हा तुलना करायची असेल तर नेटलिस्टमध्ये (सर्किटच्या फाइलमध्ये) आउट नोडवर ‘सीप्रोब आउट ० १२पी’ ही ओळ घालून पुन्हा चालवा, आलेल्या आकड्यात स्कोपचा राइज टाइम मिळवा, आणि तो आकडा पडद्यावरच्या आकड्याशेजारी ठेवा. प्रोब १एक्सवर असेल तर आधी तो १०एक्सवर करा. १एक्सचा कपॅसिटन्स याच्या कितीतरी पट असतो.